भयपटाचा रिमेक मूळ चित्रपटाची बरोबरी करू शकतो का?

करू शकतो, पण भीती नव्या मातीत रुजली तरच.

आमच्या बेळगावात एकाच घरात मराठी, कन्नड, हिंदी असे तिन्ही भाषांतले चित्रपट बघतात, त्यामुळं ही तुलना घरबसल्याच होते. १९९३ च्या मल्याळम ‘मणिचित्रताळ’वरून कन्नडमध्ये २००४ साली ‘आप्तमित्र’ आला. त्यात सौंदर्या या नटीनं साकारलेली नागवल्ली, म्हणजे सूडानं पेटलेली नर्तकी, बघून आई रात्री मागच्या दारी जाईना. मल्याळम चित्रपट तिनं पाहिलाच नव्हता. तिच्यासाठी हाच मूळ.

मराठी भयपट ‘लपाछपी’चं मात्र वेगळं. दिग्दर्शक विशाल फुरिया यांनीच २०२१ मध्ये त्यावरून हिंदी ‘छोरी’ केला. दोन्हीत उसाचं रान, दोन्हीत गरोदर बाई. हिंदीतली कामंही चांगली आहेत. पण चिक्कोडीकडं उसातल्या पायवाटेनं गेलेल्या माणसाला विचारा: डोक्यावर गेलेला ऊस, वारं नसताना सळसळणारं पाचट, चार पावलांपुढचं काही दिसत नाही. ‘लपाछपी’त अशाच उसात उषा नाईक आपल्याच गावच्या म्हातारीसारख्या मायेनं बोलतात, आणि तिथंच काटा येतो. ‘छोरी’ बघताना मी दचकलो. ‘लपाछपी’ बघितल्यावर रात्रभर झोप लागली नाही.