विचारा बोसनकाकांना : तामातावेच्या गेटवर बसलेली माणसं

प्रश्न : काका, माझा मुलगा बल्क कॅरिअरवर (सुटा माल नेणारं जहाज) ओएस, म्हणजे साधा खलाशी आहे, पहिलंच कॉन्ट्रॅक्ट. सध्या जहाज मादागास्करला तामातावे बंदरात लागलंय. व्हिडीओ कॉलवर म्हणाला, आई इथे गरिबी बघवत नाही, पण माणसंही आळशी आहेत, दिवसभर गेटवर नुसती बसून असतात. कोणीतरी जुने टी-शर्ट वाटले तर हिसकाहिसकी झाली म्हणे. खरंच असं आहे का तिथे? त्याने काही द्यावं का? – एक आई, गुहागर

उत्तर : ताई, तामातावेला (नकाशात तोआमासिना दिसेल) मी गंधक घेऊन गेलोय. तुमच्या मुलाला दिसलं ते खरंय, पण आळशी म्हणाला ते काय मला पटलं नाही. गेटवर बसलेली माणसं कामाची वाट बघत असतात हो. जहाज लागलं की हमाली, नाही लागलं की काही नाही, आणि आता क्रेन आणि कंटेनर आल्यावर जहाज लागलं तरी सगळ्यांच्या वाट्याला काम येतंच असं नाही. तिथे चारातली तीन माणसं गरिबीरेषेखाली आहेत, मग गेटवर गर्दी होणार नाही तर काय.

आता आमचं गंधक कशाला जात होतं ते ऐका. मोरामांगाजवळ अंबातोवीची निकेलची खाण आहे, तिथून माती पाण्यात कालवून 220 किलोमीटर पाइपातून थेट तामातावेच्या कारखान्यात येते आणि तिथे गंधकाचं ॲसिड करून त्यातून निकेल आणि कोबाल्ट काढतात. म्हणजे एवढा माल गावागावांतून येतो पण पाइपातून, त्याला हमाल लागत नाहीत. व्हॅनिलाचंही तसंच, जगातली बहुतेक व्हॅनिला याच देशाची, तीही वर ईशान्येला साम्बावा-अंतालाहाकडची, एकेक फूल हाताने फळवावं लागतं कारण ते काम करणारी मेक्सिकोची माशी तिथे नाही, आणि फूल उमलतं ते एकच सकाळ. 2018 च्या आसपास किलोला 600 डॉलर भाव गेला होता, म्हणजे चांदीपेक्षा महाग! शेतकऱ्याकडे त्यातलं किती राहतं ते मी सांगायला नको, तुम्ही आंबेवाल्यांच्या मुलखातल्या.

आणि भात. आपल्यापेक्षा जास्त भात खातात ही माणसं, सकाळ दुपार रात्र, जेवण झालं की पातेल्याला लागलेल्या करपलेल्या भातात पाणी उकळून ते चहासारखं पितात (मुलाला सांगा जरूर पी, पोटाला बरं असतं). तरी देशाला तांदूळ पुरत नाही, त्याच बंदरात आपल्या भारतातला तांदूळ उतरतो.

नुसती बसून असतात म्हणाला ना, तर 2025 च्या सप्टेंबरात वीज नाही पाणी नाही म्हणून याच वयाची पोरं रस्त्यावर उतरली, ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष राजोएलिना देश सोडून गेले आणि लष्कराने सत्ता घेतली.

द्यायचं म्हणाल तर गेटवर उभं राहून वाटायला जाऊच नये. हिसकाहिसकी होणारच, गुहागरच्या स्टँडवर फुकट साड्या वाटा आणि बघा. शिवाय जहाजावरचं सामान बाहेर नेलं की कस्टमवाला अडवतो. त्यापेक्षा खर्च करू दे त्याला तिथे. टपरीवर जेवू दे, केस कापून घेऊ दे, पूसपूसमधून फिरू दे. पूसपूस म्हणजे हाताने ओढायची रिक्षा, आपल्या माथेरानला असायची तशी. बसायला लाज वाटते हे मान्य, मलाही वाटली, पण आपण लाजून चालत गेलो तर ओढणाऱ्याचं भाडं बुडतं एवढंच. भाडं आधी ठरवायचं आणि फार घासाघीस करायची नाही.

प्रश्न : काका, मी पण त्याच पट्ट्यात जाणार आहे. डॉलर चालतात का, आणि बाहेर जाणं सेफ आहे का? – कॅडेट, कल्याण

उत्तर : चलन आरियारी. डॉलर बँकेत बदल, गेटवरच्या पोरांकडे नको. छोट्या नोटा ठेव, मोठी नोट काढलीस की सुटे नाहीत हे ठरलेलं उत्तर. शोअर पास (किनाऱ्यावर उतरायचा परवाना) आणि जहाजाच्या एजंटचा नंबर खिशात, दोघं-तिघं मिळून जा, अंधार पडायच्या आत गँगवेवर, म्हणजे जहाजाच्या शिडीवर परत. मलेरिया आहे तिथे, ओडोमॉस आपल्याकडूनच ने. यलो फिव्हरचं कार्ड एकदा घेतलं की आता आयुष्यभर चालतं, पण हरवू नकोस बाबा. भाषा मालागासी आणि फ्रेंच, इंग्रजी जेमतेम. दुकानात गल्ल्यावर गुजराती बोलणारा शेठ भेटला तर दचकू नकोस, पिढ्यान् पिढ्या तिथे आहेत, त्यांना कराना म्हणतात, रस्ता विचारायला उपयोगी.

आणि गेटबाहेर कोणीतरी कागदाच्या पुडीतून निळे खडे दाखवेल, नीलम म्हणून. नीलम त्या देशात खरोखर निघतात, म्हणून तर माणूस फसतो, पण ते तिकडे नैर्ऋत्येला इलाकाकाला. तुझ्या पुडीतली बाटलीची काच असणार, घेऊ नकोस.