लंगोट आणि लंगोटी : पैलवानाच्या वस्त्राचे दोन अर्थ

एका वाचकाचा प्रश्न असा आहे : जुन्या पैलवानाचे कौतुक करताना ‘तो लंगोटाचा सच्चा होता’ असे म्हणतात आणि सर्वस्व गमावलेल्या माणसाबद्दल ‘लंगोटी लावायची पाळी आली’ असेही म्हणतात; मग वस्त्र एकच असताना एकीकडे मान आणि दुसरीकडे लाचारी का, आणि महिला पैलवानाला ‘लंगोटाची सच्ची’ म्हणता येईल का?

पहिले उत्तर लिंगभेदात आहे. ‘लंगोट’ पुल्लिंगी आणि ‘लंगोटी’ स्त्रीलिंगी. दोर-दोरी, डबा-डबी, गाडा-गाडी यांप्रमाणेच इथेही ईकारान्त रूप लहानपणा दाखवते. या लहानपणाला मराठीने पुढे अनेक छटा दिल्या. वयाचा लहानपणा ‘लंगोटीयार’ या शब्दात आला, ऐपतीचा लहानपणा ‘अंगावर लंगोटीही उरली नाही’ या वाक्यात आला आणि लाभाचा लहानपणा ‘चोराच्या हातची लंगोटी’ या म्हणीत आला. ‘लंगोट’ या शब्दाला यांतले काहीच चिकटले नाही. लंगोटी ही सगळे गेल्यावर अंगावर उरते, तर लंगोट माणूस स्वतःहून कसतो. क्रियापदांतला हा फरक मला लिंगाच्या फरकाइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण ‘कसणे’ म्हटले की ‘कंबर कसणे’ यातली सारी तयारी त्या वस्त्राबरोबर येते.

आता ‘लंगोटाचा सच्चा’ याची घडण पाहावी. ‘शब्दाचा पक्का’, ‘मनाचा मोकळा’, ‘कानाचा हलका’, ‘हाताचा सढळ’ अशा षष्ठीच्या प्रयोगांत आपण माणसाच्या एखाद्या अंगावरून किंवा त्याच्या वाणीवरून त्याचा स्वभाव सांगतो. या रांगेत वस्त्राला सहसा जागा नसते. ‘सदऱ्याचा’ किंवा ‘फेट्याचा’ अमुक असे कोणी म्हणत नाही. लंगोट मात्र तिथे मन, हात आणि शब्द यांच्या बरोबरीने बसतो, म्हणजे भाषेने तो पैलवानाच्या देहाचाच भाग मानला आहे. अर्थ अर्थातच ब्रह्मचर्याचा आणि शीलाचा आहे, जो ‘लंगोटबंद’ या शब्दातही आहे. हिंदीत ‘लंगोट का पक्का’ असा प्रयोग आहे, आणि तालमीची बोली मुळातच अशा देवाणघेवाणीतून घडलेली आहे : ‘पैलवान’ फारसीतून आला, ‘वस्ताद’ हे ‘उस्ताद’चे रूप आहे आणि शिक्षण या अर्थाचा अरबी ‘तालीम’ मराठीत कुस्ती शिकण्याच्या जागेचेच नाव होऊन बसला. ‘लंगोट’ या शब्दाचे मूळ मात्र संस्कृतातल्या ‘लिङ्ग’ आणि ‘पट्ट’ यांच्या जोडीत शोधले जाते.

या वस्त्राला शीलाचा अर्थ मिळण्यात मारुतीचा वाटा मोठा आहे. तालमीत मारुती असतोच, आणि समर्थांच्या ‘भीमरूपी’ स्तोत्रात त्याचे वर्णन करताना किरीट-कुंडलांच्या लगोलग ‘सुवर्ण कटिकांसोटी’ येते. कांसोटी म्हणजे लंगोटच, आणि गोव्यातल्या कष्टकऱ्यांची ‘काष्टी’ ध्वनीने आणि अर्थाने या शब्दाच्या अगदी जवळ आहे. ब्रह्मचारी देवाच्या कमरेला जे आहे तेच आपल्या कमरेला आहे, ही जाणीव घेऊन पोरगा तालमीत उतरतो आणि गावही त्याच्याकडे त्याच नजरेने पाहते. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये तिकीट लावून होणाऱ्या फ्रीस्टाइल कुस्त्यांमुळे घराघरांत पोचलेले दारासिंग पुढे पडद्यावर आणि ‘रामायण’ मालिकेत हनुमान झाले, तेव्हा लोकांना ते सहज पटले. त्याचे एक कारण मला या जुन्या नात्यात दिसते.

लंगोटावर जो घालतात तो जांघिया. ‘जांघ’ या शब्दापासून तो आला असल्याने लेखनात ‘जांघिया’ हे रूप ठेवावे. बोलण्यातले ‘जांग्या’ हे रूप संवादात लिहायला हरकत नाही.

कुस्ती जिंकल्यावर त्याच पैलवानाच्या डोक्यावर फेटा चढतो आणि खांद्यावर गदा येते. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने 1912 मध्ये बांधून झालेल्या खासबाग मैदानाने पैलवानाची ही दोन्ही रूपे पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत. तरीही गौरवाचा शब्दप्रयोग फेट्यावरून घडला नाही, तो लंगोटावरूनच घडला. फेटा दुसरा कोणीतरी बांधतो आणि सत्कार संपला की तो उतरतो, पण लंगोटाची जबाबदारी पैलवानाची एकट्याची असते.

गादीवरच्या कुस्तीत पैलवान ज्याला ‘कॉस्च्यूम’ म्हणतात तो लाल किंवा निळा पोशाख घालावा लागतो. मातीत जांघियाला धरून डाव टाकण्याची रीत आहे. गादीवर पोशाख धरणे नियमबाह्य आहे. लाल की निळा हे त्या लढतीपुरते ठरते, आणि आज लाल असलेला मल्ल पुढच्या फेरीत निळा असू शकतो. हा पोशाख प्रेक्षकाला मल्ल ओळखायला मदत करतो, पण त्या मल्लाविषयी काही सांगत नाही, म्हणून ‘कॉस्च्यूमचा सच्चा’ असा प्रयोग रुजलेला नाही.

राहिला महिला पैलवानाचा प्रश्न. 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली, तेव्हा गौरवाच्या भाषेची गरज खरीच निर्माण झाली आहे. तरीही ‘लंगोटाची सच्ची’ असे लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्याकरणाने ते चुकत नाही. पण हा प्रयोग पुरुषाच्या वस्त्रावर आणि पुरुषाच्या ब्रह्मचर्यावर उभा आहे, आणि मुलीच्या बाबतीत तो वापरला की कौतुकाऐवजी तिच्या शीलाची चौकशी ऐकू येते. ‘पैलवान’, ‘मल्ल’ आणि ‘केसरी’ हे शब्द मात्र तिला बदल न करता शोभतात. तिच्या सचोटीविषयी लिहायचे असेल तर ‘मेहनतीची पक्की’ आणि ‘शब्दाची पक्की’ हे प्रयोग मराठीत आधीपासून आहेत.