आधी असिस्टंट व्हा, कोर्स नंतर

नाशिकला ब्रायडल मेकअप करता, फॅशनमध्ये यायचंय आणि त्यासाठी मुंबईतला महागडा कोर्स करावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नको. हात तुमचा बसलेला आहे. ते पैसे मुंबईत राहायला ठेवा आणि एखाद्या सीनियर आर्टिस्टकडे असिस्टंट म्हणून लागा. सुरुवातीला पैसे फार कमी मिळतील, हे धरूनच या.

लग्नात नवरीची पसंती शेवटची. फॅशन शोमध्ये लुक ठरवतात ते डिझायनर आणि मेकअप टीमचा प्रमुख, म्हणजे ‘की आर्टिस्ट’. तुमच्या हातात फेस चार्ट येतो, चेहऱ्यावर कुठे काय लावायचं ते दाखवणारं चित्र. तुमचं लायनर कितीही सुरेख असो, चार्टवर नसेल तर पुसायचं. मॉडेल दुसऱ्या शोमधून मेकअपसकट धावत येते. तो उतरवून नवा लुक उभा करायचा, आणि त्याच वेळी हेअरवाला तिचे केस ओढत असतो. ही घाई वर्गात बसून अंगवळणी पडत नाही.

सगळ्यात जास्त मेहनत घ्या ती त्वचेवर. सावळ्या मुलीला दोन शेड उजळ करायची ब्रायडलमधली सवय सोडाच. मला ती तिथेही पटत नाही. उजळ फाउंडेशनने सावळा चेहरा राखाडी दिसतो आणि कॅमेरा ते लपवत नाही. शेड जबड्याच्या कडेला लावून, मानेशी ताडून, दिवसाच्या उजेडात बघा. डोळ्यांखालच्या काळसरपणावर आधी नारिंगी करेक्टर, मग कन्सीलर. फ्लॅशचं शूट असेल तर सिलिकाची पावडर जपून वापरा, फोटोत पांढरे डाग उठतात. मस्कारा वँड प्रत्येकीला नवी, लिपस्टिक स्पॅच्युलाने काढून. अस्वच्छ किट दिसलं की पुन्हा बोलावणं येत नाही.

बायकांना सेटवर घेतात का, हाही तुमचा प्रश्न होता. फॅशनमध्ये ती अडचण नाही. सिनेमात मात्र मेकअप आणि हेअरवाल्यांची संघटना बायकांना मेकअप आर्टिस्टचं सभासद कार्ड देत नसे, फक्त हेअरड्रेसरचं देई. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये ती बंदी बेकायदा ठरवली, त्यामुळे तोही रस्ता तुम्हाला मोकळा आहे.

पैसे उशिरा येतात, हे खरं दुखणं आहे. मुंबईत यायच्या आधीच उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा व्यवसाय म्हणून सरकारकडे नोंदणी, करून घ्या. ती फुकट होते. दर, तास आणि पैसे कधी देणार हे ईमेलवर लिहून घ्या. नोंदणी असेल तर कायद्याने 45 दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर व्याजही मागता येतं.