नकाशा भिंतीवरून खाली उतरव

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मुलांना सातही खंडांची नावं तोंडपाठ आहेत, पण उत्तर दिशा कुठे विचारलं की निम्मा वर्ग छताकडे बोट दाखवतो, असं लिहिलंस. आधी हसू आलं, मग जरा लाज वाटली. तुमच्या वर्गालाही मी असंच शिकवलं होतं. फळ्याशेजारी खिळ्याला टांगलेला नकाशा, हातात छडी, आणि "वर उत्तर, खाली दक्षिण". वर म्हणजे कागदाची वरची कड, एवढं मी गृहीत धरलं होतं. तुम्हाला ते सांगायचं राहूनच गेलं.

तुम्ही शाळेतून गेल्यावर पुढे कधीतरी नाईल शिकवत होते. एका मुलाने विचारलं, "बाई, ही नदी वर कशी चढते?" नकाशात ती आफ्रिकेच्या मधल्या भागातून निघून वर भूमध्य समुद्राला मिळते ना! "ती उत्तरवाहिनी आहे," असं म्हणून मी पुढे सरकले. उत्तर येत नसलं की आपण एखादा भारदस्त शब्द फेकतो, त्यातलाच प्रकार. संध्याकाळी वह्या तपासताना डोक्यात उजेड पडला. त्याच्या समोर भिंत होती आणि भिंतीवरून पाणी खालीच येतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नकाशा काढून फरशीवर पसरला. व्हिक्टोरिया सरोवर समुद्रसपाटीपासून साधारण ११३४ मीटर उंचावर आहे, म्हणून तिथे वह्यांची चळत ठेवली आणि तिच्यावरून भूमध्य समुद्रापर्यंत एक सुतळी सोडली. तो गुडघ्यांवर बसून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हात्तिच्या, उतार आहे!"

तेव्हापासून माझा पहिला नकाशा कायम जमिनीवर. पण नुसता पसरून भागत नाही, त्याची उत्तर खऱ्या उत्तरेकडे करावी लागते. त्यासाठी लगेच होकायंत्र काढू नकोस. मैदानात एक काठी सरळ रोव आणि अकरापासून एकपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर मुलांकडून खडा ठेवून घे. सर्वांत आखूड सावली ज्या रेषेत पडेल, ती उत्तर-दक्षिण रेषा. ती बरोबर बाराच्या ठोक्याला मिळेल असं समजू नकोस. मुलं म्हणतील घड्याळ बिघडलंय. म्हणू देत.

आता रेषेचं कोणतं टोक उत्तरेचं? इथे आपलं जुनं सूत्र कामाला येतं: उगवत्या सूर्याकडे तोंड, डावा हात उत्तरेला. मात्र ते तेवढ्यापुरतंच वापर. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. एरवी तो जूनकडे उत्तरेला आणि डिसेंबरकडे दक्षिणेला सरकलेला असतो. शिवाय कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात वर्षातून दोन दिवस भर मध्यान्ही काठीची सावलीच नाहीशी होते. शाळा त्या पट्ट्यात असेल तर ते दिवस आधीच हेरून ठेव. अशी मजा वर्षभरात दुसरी नाही.

जगाच्या नकाशाआधी वर्गाचा नकाशा काढून घ्यायला विसरू नकोस. मुलं टेबल काढतात ते चारही पाय चार दिशांना फाकवून. लगेच खोडायला लावू नकोस. टेबलाखाली पाण्याची बाटली ठेव, एकेकाला बाकावर उभं करून वरून बघायला लाव. बाटली दिसतच नाही. मग ती टेबलावर ठेव, की फक्त एक गोल दिसतो. कुणीतरी विचारेलच, "पण बाई, ही बाटली आहे हे दुसऱ्याला कळणार कसं?" बस, त्या क्षणी नकाशाची सूची, म्हणजे कोणती खूण कशासाठी ते सांगणारी यादी, शिकव. आदल्या दिवशी शिकवलीस तर ती नुसती पाठ होईल.

पृथ्वीगोल मिळाला तर पातळ कागदावर त्यावरचं ग्रीनलंड गिरवून घे आणि आफ्रिकेवर ठेवायला सांग. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये खलाशांसाठी केलेल्या नकाशाच्या धर्तीवर काढलेल्या तक्त्यांत दोन्ही जवळपास सारखी दिसतात. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदा पट मोठी आहे. एवढं पुरे, प्रक्षेपणाचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवतात त्याचं, व्याख्यान मात्र देऊ नकोस.

राजधान्या पाठ होतील गं, त्याची काळजी सोड.

आणि हो, नकाशा खाली पसरलास की कुणाचा तरी पाय पॅसिफिकवर पडणारच. रागावू नकोस. चपला दाराबाहेर, आणि चारही कोपऱ्यांवर दप्तरं, नाहीतर पंख्याने उडतो. तुमची आखूड सावली किती वाजता आली ते मात्र कळव.

तुझ्या बाई