रशियाच्या झारच्या (सम्राटाच्या) खास विश्वासातल्या गार्ड डिव्हिजननेच फेब्रुवारी १९१७ मध्ये बंड कसं काय केलं?

थोडक्यात सांगायचं तर ती डिव्हिजन तेव्हा पेट्रोग्राडमध्ये, म्हणजे राजधानी सेंट पीटर्सबर्गमध्ये, नव्हतीच. होती ती फक्त तिच्या नावाची पाटी.

१ली गार्ड पायदळ डिव्हिजन म्हणजे चार रेजिमेंट: प्रेओब्राझेन्स्की, सेम्योनोव्स्की, इझ्माय्लोव्स्की आणि येगर. पहिल्या दोन झार पीटर द ग्रेटने लहानपणी मॉस्कोजवळच्या गावांत खेळातलं सैन्य म्हणून उभ्या केल्या, गावांचीच नावं त्यांना चिकटली. इझ्माय्लोव्स्की १७३० ची, सम्राज्ञी आन्नाने काढलेली. येगर १७९६ मध्ये बटालियन म्हणून सुरू झाली. आपल्याकडची हुजुरात आठवा: थेट धन्याच्या हाताखालची फौज. त्यामुळे लढाईइतकंच राजवाड्यातल्या उलथापालथीतही यांचं वजन. १७४१ मध्ये एलिझाबेथला प्रेओब्राझेन्स्कीच्या ग्रेनेडियरांनी (निवडक पायदळाने) गादीवर बसवलं. १७६२ मध्ये कॅथरीन नवऱ्याविरुद्ध उठली, तेव्हा आधी इझ्माय्लोव्स्कीच्या बराकीत गेली.

रंगरूट निवडायची तऱ्हा तर बघण्यासारखी. सेंट पीटर्सबर्गच्या मिखायलोव्स्की मानेझमध्ये, म्हणजे घोडेस्वारीच्या बंदिस्त मैदानात, पोरांना रांगेत उभं करायचे, वरिष्ठ अधिकारी नजर टाकून प्रत्येकाच्या छातीवर खडूने खूण करायचा. सर्वांत उंच ते प्रेओब्राझेन्स्कीत, सोनेरी केसांचे सेम्योनोव्स्कीत, काळ्या केसांचे इझ्माय्लोव्स्कीत. येगरला केसांचा रंग कोणताही चाले. हे संचलनाला शोभतं. मशीनगनपुढे उंचीचा काय उपयोग, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नव्हता.

पण नुसता देखावा होता असंही नाही. ऑगस्ट १८१३ मध्ये ड्रेस्डेनला नेपोलियनकडून हरलेलं मित्रराष्ट्रांचं (रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया) सैन्य डोंगरांतल्या अरुंद वाटांनी बोहेमियात उतरत होतं. फ्रेंच सेनापती वांदाम आधी डोंगरापलीकडच्या तेप्लित्झ गावाला पोचला असता तर वाटांची तोंडंच बंद झाली असती. कुल्मजवळ त्याला अडवलं ते प्रामुख्याने जनरल येर्मोलोवच्या हाताखालच्या या डिव्हिजनने. सर्व सूत्रं जनरल ओस्तरमान-तोलस्तोयकडे होती आणि त्या दिवशी त्याचा हात गेला. दुसऱ्या दिवशी कुमक आली आणि वांदामच पकडला गेला. प्रशियाच्या राजाने खूश होऊन तिथे लढलेल्या रशियन गार्डना खास क्रॉस दिला.

दुखणं वेगळंच होतं. शिपाई एवढे हुकमी म्हटल्यावर तोफांचं काम त्यांच्याकडून करून घ्यायची सवय लागली. १८७७ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात बल्गेरियातल्या प्लेव्हनाजवळ तेलिशच्या तुर्की मोर्च्यावर येगर रेजिमेंट तोफखान्याची पुरेशी तयारी न करता सोडली. काही तासांत नऊशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली, मोर्चा तसाच. चारच दिवसांनी रशियन जनरल गुर्कोने तोफा लावून नुसत्या गोळाफेकीवर तेच तेलिश घेतलं. धडा समोर होता, कुणी घेतला नाही. पहिल्या महायुद्धात, जुलै १९१६ मध्ये, जनरल बेझोब्राझोवच्या हाताखाली संपूर्ण गार्डला स्तोखोद नदीच्या दलदलीतून, लाटांमागून लाटा, पुढे काढलं. चिखलात पाय रुतलेले, जर्मन विमानं वरून गोळ्या मारतायत, जखमी जागीच बुडतायत. एकूण गार्डची हानी साधारण ३०,००० सांगतात. बेझोब्राझोवला नंतर काढलं. १९१४-१५ मध्ये आधीच निम्मे-अधिक जुने अधिकारी संपले होते, उरलेसुरले इथे गेले.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आघाडीवर गेलेल्या प्रत्येक रेजिमेंटमागे राजधानीत तिच्याच नावाची राखीव बटालियन असे, भरती करून पुढे पाठवायला. १९१७ पर्यंत ती फुगून फुगून नुसता गोतावळा झाली होती. कंपनी म्हणजे दोन-अडीचशे माणसं, पण इथे हजाराच्या वर माणसं एका कंपनीत, बराकीत झोपायला जागा नाही, अधिकारी मोजके आणि तेही बरे होत असलेले जखमी किंवा कोवळी पोरं. लोक सक्तीने आणलेले, कित्येक प्रौढ, आघाडीची धास्ती घेतलेले. २७ फेब्रुवारीला सकाळी आधी वोलिन्स्की या दुसऱ्या गार्ड रेजिमेंटच्या राखीव बटालियनमधल्या प्रशिक्षण तुकडीने बंड केलं, ती शेजारच्या बराकींत गेली आणि प्रेओब्राझेन्स्कीची राखीव माणसं मिळाली. म्हणून सगळीकडे "प्रेओब्राझेन्स्की फुटली" असं छापलं जातं. त्याच दिवशी खऱ्या प्रेओब्राझेन्स्कीचा कर्नल कुतेपोव रजेवर शहरात होता. त्याला तुकड्यांची मोट बांधून बंड मोडायला लितेइनी रस्त्याकडे धाडलं. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडची माणसं गर्दीत विरघळली.

तुलना करायचीच तर डिसेंबर १९०५ शी करा. तेव्हा सेम्योनोव्स्कीची नियमित पलटण मॉस्कोला रेल्वेने पाठवली, आणि कर्नल मिनच्या हुकमाने तिने प्रेस्न्या भागातला उठाव निर्दयपणे चिरडला. नाव तेच, माणसं वेगळी.

मात्र गार्ड कधीच बंड करत नसत, असा अर्थ यातून काढू नका. १८२० मध्ये कर्नल श्वार्त्झच्या जाचाला कंटाळून सेम्योनोव्स्कीने हुकूम झुगारला, तेव्हा अख्खी रेजिमेंट मोडून शिपाई देशभर पांगवले होते.

ता. क. वाचताना तारखा जपून घ्या. जुनं रशियन कॅलेंडर १९ व्या शतकात १२, २० व्यात १३ दिवसांनी मागे, म्हणून २७ फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडची १२ मार्च. आणि १९१४ च्या आसपासच्या रंगवलेल्या चित्रांत टोपीची पट्टी पाहिली की रेजिमेंट कळते: लाल प्रेओब्राझेन्स्की, निळी सेम्योनोव्स्की, पांढरी इझ्माय्लोव्स्की, हिरवी येगर. हाच क्रम २ऱ्या डिव्हिजनमध्येही आहे, तेव्हा फक्त पट्टीवर विसंबलात तर पाव्लोव्स्कीला इझ्माय्लोव्स्की म्हणून बसाल.