मुलगा राजकारणाचे प्रश्न विचारतो, त्याला गप्प करावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की आठ वर्षांचा मुलगा बातम्या लागल्या की पुढाऱ्यांबद्दल विचारत सुटतो, पाहुण्यांसमोर आजोबांशी वाद घालतो. मिस्टर म्हणतात याला आत्ताच दाबा, आणि तुमचं मन होत नाही. मी दाबून पाहिलंय. काय झालं ते सांगतो.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. २०२४ च्या विधानसभेचा प्रचार रंगात होता, भोंगे लावलेल्या रिक्षा दिवसभर फिरायच्या. एका संध्याकाळी ओट्यावर गावातले एक आप्पा चहाला बसले होते. तिने सरळ विचारलं, "आप्पा, लोकसभेला तुमच्या गळ्यात दुसऱ्या रंगाचा रुमाल होता ना?" सगळे गप्प. मी तिला दंडाला धरून आत नेलं आणि ओरडलो, "मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही!"

तिने ऐकलं. अगदी तंतोतंत ऐकलं. पंधरा-वीस दिवसांनी शेजारणीकडून कळलं की शाळेतल्या मुलींच्या संडासाला कुलूप आहे, आणि जावं लागू नये म्हणून पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. आमचीही त्यातच. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "ती मोठ्यांची गोष्ट आहे ना, पप्पा." माझी आई चुलीजवळून एवढंच बोलली, "पोरले इचारू दे, भो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. राजकारणाचा एक प्रश्न बंद करायला गेलो आणि तिचं तोंडच बंद करून बसलो होतो. नऊ वर्षांच्या पोरीला कुठली गोष्ट राजकारणाची आणि कुठली शाळेच्या संडासाची, हे वेगळं कसं कळणार? खरं तर ते वेगळं नाहीच.

म्हणून धाक सोडला असं मात्र नाही, ताई. धाक पाहिजेच. आमच्याकडे कुठल्याही पुढाऱ्याला शिवी किंवा टोपणनाव चालत नाही, मग तो मला आवडो न आवडो. आणि हे माझ्या वडिलांनाही लागू आहे, ते सुरुवातीला रागावले होते. टीव्हीवरची भांडणं तिच्यासमोर लावत नाही. साडेनऊला झोप, मग निकालाचा दिवस का असेना. आणि चारचौघांत कोणाला अडचणीत आणणारा प्रश्न सुचला तर आधी माझ्या कानात सांगायचा. प्रश्न कोणता, यावर मात्र बंदी नाही. तुमच्या मिस्टरांना हा फरक सांगून पाहा. वागण्यावर कडक राहा, प्रश्नावर नको.

दुसरं, मुलाला आपला पक्ष पाजू नका. मी बोटाची शाई दाखवली, मतदान यंत्राशेजारच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते हे सांगितलं. तिने विचारलं, "मग कोणाला दिलं?" म्हटलं, मत गुप्त असतं. "मग आजोबा सगळ्यांना का सांगतात?" म्हटलं, गुप्त ठेवणं हा हक्क आहे, सांगायचं की नाही ते आजोबांच्या मर्जीवर. तेवढ्याने तिचं समाधान झालं. मोठ्यांना वाटतं तेवढं लांबलचक उत्तर पोरांना नको असतं.

शक्य असेल तर ग्रामसभेला न्या. टीव्हीपेक्षा ते शंभर पटीने बरं. २६ जानेवारीला मी तिला घेऊन गेलो. विषय नळाच्या पाण्याचा होता, तासभर त्यावरच चाललं. मध्येच तिने माझा कान ओढला: "सरपंच तर ताई आहेत, मग काका का बोलताहेत?" आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, आणि गावोगाव खुर्चीशेजारी असे काका आहेत. इतकी वर्षं सभेला जातो, मला तो प्रश्न पडला नव्हता. सभा सुटल्यावर तिने सरपंचताईंना जवळ जाऊन, हळू आवाजात तेच विचारलं. ताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बोलल्या काही नाही. पण रागावल्याही नाहीत.

सगळ्या प्रश्नांची उत्तरं येतील असं समजू नका. नंदुरबारच्या शिरीषकुमारची गोष्ट आपल्या खानदेशात पोरांना लहानपणीच कळते: ९ सप्टेंबर १९४२, तिरंगा घेतलेला पंधरा वर्षांचा मुलगा, पोलिसांच्या गोळ्या, त्याच्यासोबत आणखी चार जण गेले. ती गोष्ट ऐकून मुलीने विचारलं, "मी तशा मोर्चाला निघाले तर जाऊ द्याल?" मी खरं तेच सांगितलं, नाही जाऊ देणार, दार लावून घेईन. ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "मग त्याच्या फोटोला हार का घालतो आपण?"

मी म्हटलं, बेटा, मला विचार करू दे. अजून करतोय. ती मधूनमधून आठवण करून देते, आणि मी तिला गप्प बस म्हणत नाही.