एक्स्पांडेड ग्राफाइटमध्ये नायट्रोजन का बसत नाही: आधी फुगवा, मग डोप करा

तुझा प्रश्न असा की नायट्रोजन डोप करायला (म्हणजे कार्बनच्या जाळीत बसवायला) सल्फ्युरिक अ‍ॅसिडवाल्या एक्स्पांडेबल, म्हणजे तापवलं की फुगणाऱ्या ग्राफाइटमध्ये युरिया घोटला, ९०० डिग्रीच्या मफल भट्टीत टाकला, फुगलं मस्त पण एक्सपीएसमध्ये (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं कशी बांधली आहेत ते दाखवणाऱ्या क्ष-किरण तपासणीत) नायट्रोजन जवळपास नाहीच. यात फुगवणं आणि डोपिंग ही दोन कामं एकाच दमात उरकायला घेतलीत, म्हणून हे झालं. फुगणं काही सेकंदात होतं, थरांमधलं अ‍ॅसिड एकदम गॅस होऊन त्यांना ढकलतं. युरिया १३३ डिग्रीला वितळतो आणि ४०० च्या आत बहुतेक उडून जातो, मग ९०० ला टाकल्यावर तो कार्बनपाशी थांबणार कधी? शिवाय मफलमध्ये हवा असते, तिथे जास्त वेळ ठेवलं तर ग्राफाइटच जळायला लागतं.

दुसरं म्हणजे अखंड षटकोनी जाळीत नायट्रोजनला शिरायला जागाच नसते. कडा हव्यात, तुटलेल्या जागा हव्यात, ऑक्सिजनचे ग्रुप हवेत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी नुसतं फुगव, हवेत पंधरा-वीस सेकंद पुरे (फ्यूम हूडमध्येच, सल्फरचे वायू निघतात), मग पातळ नायट्रिकमध्ये हलकं ऑक्सिडेशन कर, पाणी न्यूट्रल होईपर्यंत धू, आणि मगच युरिया. ग्राफाइट ऑक्साइडइतकं ऑक्सिडेशन मात्र नको, कंडक्टिव्हिटी जाते. आणि परमँगनेट-सल्फ्युरिकचा मार्ग एकट्याने अजिबात नको, त्यात तयार होणारं मँगनीज हेप्टॉक्साइड गरम झालं की फुटतं.

युरियाचं द्रावण भरताना बघ, फुगलेल्या अळ्या (ग्राफाइटचे फुगून अळीसारखे झालेले कण) पाण्यावर नुसत्या तरंगतात, आत थेंब जात नाही. थोडं इथेनॉल घातलं की हळूहळू ओल्या होऊन खाली बसायला लागतात. चमच्याने ढवळू नकोस, दाबल्या की त्या परत फुलत नाहीत. नाशकात पावसाळ्यात उघड्यावर वाळवलं तर दिवसभरात ओलंच राहील, ओव्हनमध्ये ६० डिग्रीला रात्रभर ठेव. नंतर ट्यूब फर्नेस, नायट्रोजन किंवा आर्गॉनमध्ये, मिनिटाला पाचेक डिग्री चढवत ८००-९०० पर्यंत, एक-दोन तास. आर्गॉनसाठी नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात टिग वेल्डिंगवाल्यांना सिलिंडर देणाऱ्यांकडे विचार, शुद्धतेचा ग्रेड मात्र बघून घे. बाहेर पडणारा गॅस पातळ अ‍ॅसिडच्या बाटलीतून जाऊ दे, अमोनिया येतो, आणि मधे एक रिकामी बाटली ठेव म्हणजे द्रव उलटा ट्यूबमध्ये चढणार नाही.

युरियाऐवजी मेलामाइन (नायट्रोजन भरपूर असलेलं दुसरं संयुग) वापरणारे बरेच आहेत, पण ते ५५० डिग्रीच्या आसपास कार्बन नायट्राइड होतं आणि तिथेच थांबलं तर एक्सपीएसला ३९८.५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ शिखर देतं, जे पिरिडिनिक (जाळीच्या कडेला बसलेल्या) नायट्रोजनसारखंच दिसतं. म्हणून ८०० डिग्रीच्या खाली थांबू नये, आणि ४०१ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळचा ग्राफिटिक (जाळीच्या आत बसलेल्या नायट्रोजनचा) भाग आहे का ते बघावं. सल्फरचंही तेच, १६८-१६९ इलेक्ट्रॉनव्होल्टला शिखर आलं तर ते सल्फेट आहे, नीट धुतलं गेलेलं नाही, त्याला सल्फर डोपिंग म्हणू नये. जाळीतला सल्फर १६४ जवळ येतो.

नायट्रोजनऐवजी बोरॉन डोप करायचा असेल तर एकच विचारतो, तुला कॅपॅसिटर करायचाय की गॅस्केट? खरं बोरॉन जाळीत नीट बसवायला २००० डिग्रीच्या वर जावं लागतं, ते कॉलेजच्या लॅबमध्ये होणारं नाही. ९०० ला बोरिक अ‍ॅसिडचं बोरॉन ऑक्साइड होतं, काचेसारखं, आणि बोरॉन फार तर कडांना ऑक्सिजनसह चिकटतो. इलेक्ट्रोडसाठी हा ऑक्साइड गरम पाण्याने धुवूनच टाकावा लागतो, पण गॅस्केटला उष्णतेत जळू नये एवढंच हवं असेल तर तो फायद्याचाच आहे, फॉस्फोरिक अ‍ॅसिडही तेच काम करतं, तिथे डोपिंगचा हट्ट धरायची गरजच नाही.

अजून एक, बिनयुरियाचं सॅम्पल तेवढ्याच तापमानाला, तेवढाच वेळ नक्की तापव, पण त्याच ट्यूबमध्ये शेजारी ठेवून नाही, वेगळा रन घे, नाहीतर युरियाची वाफ त्यालाही लागते आणि मग तुलना करायला काहीच उरत नाही.